ट्रालीची खालची बाजू

लोखंड बोलते, असं तो म्हणायचा. सकाळी तोंड धुवायच्या आधी आपल्या ट्रालीभोवती एक चक्कर मारायचा, बोटाच्या पेरानं पत्र्यावर ठोकायचा आणि कान लावायचा. आवाज खणखणीत आला की पुढं सरकायचा. कुठं बसका आला की खडूनं फुली मारायचा, आणि मग दिवसभर ती फुली त्याच्या डोक्यात. जेवता जेवता उठून जायचा. त्याची बायको मागून ओरडायची, की त्या ट्रालीलाच वाढते आता भाकर. त्याच्या अंगणात आणि माझ्या अंगणात मधे काट्याचं एक कुंपण, त्यामुळं हे सगळं मला रोज पाहावं लागलं. हौसेनं पाहिलं नाही.

गाव त्याला इंजिनेर म्हणायचं. मी कधी म्हटलं नाही. चौथी तो शिकला आणि चौथीच मी शिकलो, मग तो इंजिनेर कायचा आणि मी कोण?

त्याच्यावर मी जळत होतो. हे लपवायचं वय आता राहिलं नाही, आणि बायको गेल्यावर लपवू तरी कोणापासून? माझ्या घरचं जवसाचं तेल त्याच्या अंगणात जायचं आणि ते माझी बायको द्यायची. का द्यायची, एवढंच मला पाहिजे होतं. ते समजायला ती मरावी लागली.

ट्राली त्यानं एका उन्हाळ्यात अंगणातच बांधली. आख एका मोडीत निघालेल्या ट्रकचा, पांढरकवड्याच्या भंगारातून आणलेला. चॅनल आणि अँगल एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडचे. वेल्डिंगची मशीन भाड्यानं आणली आणि आपली आपणच शिकला. पहिले चार दिवस चष्मा न लावता केलं, मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहिला, पडल्या पडल्या बायकोला विचारत होता की शिलाई सरळ आली का पाह्य. ट्राली झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं नव्याकोऱ्या तळाला भोकं पाडली. दोन्ही बाजूंनी ओळीनं, बोट जाईल एवढी. सारं गाव पाहायला आलं. सोयाबीन गळून जाईल ना, म्हणून लोक हसले. त्यानं बाभळीच्या खुंट्या तासून ठेवल्या होत्या, माल भरायच्या वेळी भोकात ठोकायच्या, एरवी काढून ठेवायच्या.

"पानी लोखंडाले नाही खात," तो म्हणाला, "बसलेलं पानी खाते. त्याले बसू द्याचंच नाही."

मला ते आवडलं नाही, कारण ते खरं होतं.

पुढच्या वर्षी मीही माझ्याच अंगणात ट्राली बांधून घेतली. ढाणकीचा वेल्डिंगवाला आणला. त्याला सांगितलं, कुंपणापलीकडच्यापेक्षा एक वीत लांब पाहिजे, आणि तळाला एकही भोक नको. वरून निळा रंग दिला, चकचकीत. खालून दिला नाही. खालून कोण पाहते?

त्याचे नियम फार. ट्राली कोणालाही द्यायचा, पण खताची पोती न्यायची तर आधी खाली ताडपत्री. शेणखत नेलं तर धुवून, पुसून, उन्हात उभी करून परत. युरियाचा एक दाणा कोपऱ्यात सापडला तर त्या माणसाला दोन वर्षं ट्राली नाही. दसऱ्याला आम्ही सगळे ट्रॅक्टर-ट्रालीची पूजा करायचो, ट्रालीच्या दांड्यावर नारळ फोडायचो. तो नारळ लांब दगडावर फोडायचा, पाण्याचा थेंब ट्रालीवर उडू द्यायचा नाही. आणि हळदकुंकू लावायचा तारेच्या ब्रशला. पाटावर ब्रश, पुढं फूल, निरांजन. त्याची बायको कपाळाला हात लावून उभी. माझी बायको ओवाळायला गेली ती हसत परत आली. म्हणाली, "त्याइचं काही चुकत नाही जी. काम करते त्याचीच पूजा करा ना."

दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही.

आमच्या पोरीच्या लग्नात मांडवाचं सामान, भांडी, मठ्ठ्याचे पिंप आणायला दोन ट्राल्या लागणार होत्या. एक माझी, एक त्याची. मागायला मी गेलो नाही, बायको गेली. त्यानं ट्राली दिली आणि मागं स्वतः आला, नवा पायजमा, टोपी, आणि खांद्यावर एक फडकं. मठ्ठ्याचं पिंप उतरवताना कलंडलं. ताकानं लोखंड लवकर जाते म्हणे. मंगलाष्टकं सुरू झाली तरी हा बुवा ट्रालीखाली पडून पुसतोय, बाहेर फक्त पाय दिसत होते, आणि त्या पायांवर कोणीतरी अक्षता टाकल्या. माझी बायको एवढी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला. पोरगी सासरी चालली म्हणून रडत होती, आणि त्या रडण्यातच हसत होती. पस्तीस वर्षांत माझ्या एकाही बोलण्यावर ती तशी हसली नव्हती. मी मोजून ठेवलं.

आता तेलाचं सांगतो. गव्हाच्या वावरात धुऱ्याला, बांधाला लागून दोन ओळी जवस पेरायचा, ते पीक तिचं. आमच्या घरी तसंच होतं, माझ्या आईच्या वेळेपासून. जवसाची निळी फुलं आली की ती धुऱ्यावर उगीच चक्कर मारून यायची. घाण्यावरून एक डबा तेल यायचं, थोडा चटणीपुरता जवस राहायचा. दोन्ही ट्राल्या झाल्यावर पहिल्या वर्षी मला समजलं की चैत लागेपर्यंत डबा अर्धा व्हायचा तो रिकामाच झाला. त्याच दिवसांत कुंपणापलीकडून जवसाच्या तेलाचा वास येऊन राहिला. कढवलेल्या तेलाचा.

मी विचारलं, तेल कुठं गेलं.

"खाल्लं तुमीच," ती म्हणाली. "भाकरीवर वतून घेता तवा मोजता का?"

त्याची पद्धत अशी होती. भर उन्हाळ्यात, लोखंडाला हात लावला तर चटका बसेल अशा दुपारी, तारेच्या ब्रशनं गंज खरडायचा, पार पांढरं लोखंड दिसेपर्यंत. मग गरम तेल चिंधीनं चोळायचं, पातळ, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. दोन-तीन दिवसांत त्याची साय धरते, नखानं निघत नाही अशी. जळकं ऑईल लावणाऱ्यांना तो नावं ठेवायचा. ते वर बसते, म्हणायचा, जवस आत जाते.

त्या चिंध्यांनी एकदा आग लावली. त्याच्याकडं पाहुणे येणार होते, म्हणून बायकोच्या धाकानं त्यानं अंगण आवरलं, सगळ्या तेलकट चिंध्या पोत्यात कोंबल्या आणि कपाशीच्या पराटीच्या ढिगाला टेकून ठेवल्या. दुपारी ढीग पेटला. घर वाचलं, वर्षाचं जळण गेलं. लोक जमले, विझवलं, आणि मग विचारू लागले की काल कुंपणावरून कोणाची बोलाचाली झाली. झाली होती, माझीच. त्याच्या बाभळीची फांदी माझ्याकडं येते म्हणून. सगळे माझ्याकडं पाहून राहिले. माझी बायको मान खाली घालून उभी होती. तिलाही वाटलं असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तो मात्र म्हणाला, "कोनं लावली नाही. चिंध्या आपोआप पेटल्या."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्यानं तेलात भिजवलेल्या चिंध्या एका घमेल्यात दाबून भरल्या, वरून गोणपाट टाकलं, चौकात पारासमोर उन्हात ठेवलं आणि खाटेवर बसून राहिला. लोक येऊन पाहून जात. कोणी म्हणालं, मंतर टाक इंजिनेर. तीन वाजता गोणपाटातून धूर निघाला. त्यानं काठीनं उचकलं, वारा लागला, आणि भडका उठला. काडी नाही, बिडी नाही.

"हे जवसाचं तेल आहे," तो सगळ्यांना म्हणाला. "चिंधीचा बोळा केला का आतून तापते. एक एक करून पसरून ठेवा, काही होत नाही. दादाचा काही संबंध नाही."

दादा म्हणजे मी. एक जण म्हणाला, एवढं जवसाचं तेल तुला कुठून मिळते रे? तो म्हणाला, मिळते. माझी बायको बायकांच्या घोळक्यात होती, तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

माझं नाव मोकळं झालं ते त्याच्या तोंडून झालं. त्यापेक्षा लोकांनी मला आगलाव्या म्हटलं असतं तर मी एखाद्या वर्षात विसरलो असतो. त्या दिवसापासून त्याच्या चिंध्या कुंपणावर वाळत असायच्या, एक एक, सुट्या. आणि मी त्या रोज पाहायचो.

स्टॅंडवरच्या चहाच्या टपरीवर मी मुद्दाम त्याच्यासमोर बोलायचो. म्हणायचो, काही लोक लोखंडाला न्हाऊ-माखू घालतात, माझ्या ट्रालीला मी आठ वर्षांत बोट लावलं नाही, तरी ठणठणीत आहे. लोखंड चांगलं असलं की नखरे लागत नाहीत. वरून निळ्या रंगाचे पोपडे निघाले होते, पण तळ पक्का होता, ते सगळ्यांना माहीत होतं. लोक माना डोलवायचे. तो बशीतला चहा फुंकायचा आणि म्हणायचा, "होये दादा, लोखंड चांगलं आहे."

त्याचं हे ऐकून मला बरं वाटायचं. आता ते आठवलं की कानशील तापते.

बाजाराच्या दिवशी मी ढाणकीला जायचो. सकाळी दहाला निघायचं, भाजी, तंबाखू, चार लोकांत बसणं, पाचला परत. एकदा परत आलो तर माझ्याच बाजूनं, माझ्याच कुंपणावर एक तेलकट चिंधी वाळत होती. मी विचारलं. ती म्हणाली, चुलीवरचा फडका आहे. तिच्या नखांत काळं होतं आणि हाताला तोच वास. कंबर धरून चालत होती. म्हणाली, काडीकचरा वेचायला गेली होती. माझ्या मनानं काय काय उभं केलं ते लिहीत नाही. साठीची बाई, आणि तोही म्हातारा. तरी मनानं उभं केलं.

मग एक दिवस त्याच्या ट्रालीवर एक चिंधी दिसली. हिरवी, पिवळ्या काठाची. ते लुगडं मी तिला पुसदहून आणलं होतं, पोरगी झाली त्या वर्षी. जुनं झालं होतं, फाटलं होतं, गोधडीत जाईल म्हणून मी समजत होतो. त्याच्या ट्रालीचं अंग पुसायला गेलं.

मी भांडलो नाही. त्या वर्षी पेरणीच्या वेळी गड्याला सांगितलं, धुऱ्यालगत गहूच जाऊ दे, जवस नको. ती वावरात आली, उभी राहिली.

"दोन ओळी पेरा ना," म्हणाली. "चटनीपुरत्या."

"चटनी दुकानात भेटते," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी तिनं परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या वर्षी तिनं विचारलं नाही, आणि त्याच वर्षी पौषात गेली. पुसदच्या दवाखान्यात अठरा दिवस होती. छातीत पाणी झालं होतं. तेही बसलेलं पाणी. मी तिच्याजवळ बसून असायचो आणि डोक्यात तेलाचा डबा असायचा. विचारू का, विचारू का, करता करता अठरा दिवस गेले. तिनं शेवटी शेवटी मला दोनदा म्हटलं, ट्रालीत जास्त भरू नका. मला वाटलं तापात बोलते.

तो तिरडीला खांदा द्यायला आला होता. मी त्याला मागच्या बाजूला पाठवलं.

त्यानंतरच्या दिवाळीआधी सोयाबीन निघालं. पंचवीस पोती भरली. मी वर चढून पोती लावत होतो आणि तळ गेला. पाय मांडीपर्यंत खाली. हाड वाचलं, कातडं सोललं. पोती उतरवली, गड्यांनी चाकं काढली, ट्राली आडवी केली. मी पहिल्यांदाच तिची खालची बाजू पाहिली.

सगळ्या तळाला पिवळी, तांबूस साय होती. काचेसारखी. आडव्या-उभ्या हातानं चोळलेली, अँगलच्या सांदीत, वेल्डिंगच्या शिलाईत, जिथं माझा हात गेला नसता तिथंही. मागच्या अर्ध्या भागात ती तडकली होती, तिच्याखालून गंज पसरला होता, आणि तिथंच पत्रा बिस्किटासारखा झाला होता. तीन वर्षांचा गंज. साय शाबूत होती तिथं लोखंड नवं होतं. एका बोल्टाजवळ त्या सायीत एक धागा अडकून वाळला होता. पिवळा. काठाचा.

मी लंगडत कुंपणाला वळसा घालून त्याच्या अंगणात गेलो. त्याचं सामान बांधणं चालू होतं. डोळ्यांनी अंधूक दिसत होतं त्याला, पोरगी पांढरकवड्याला असते, तिच्याकडं कायमचे चालले होते. त्याची बायको त्याच्यावर ओरडत होती, की एवढे खिळे कायले पाहिजे तुमाले. त्याच्यावर ओरडायला अजून कोणीतरी होतं.

"माह्या ट्रालीले खालून तेल कोनं लावलं?" मी विचारलं.

त्यानं खिळ्यांचा डबा खाली ठेवला.

"दोघाइनं," तो म्हणाला. "तुमी बाजाराले गेले का. मी खरडो, वहिनी तेल लावे. सांदीत माहा हात जाये नाही, तिचा जाये."

"अन् तुह्या ट्रालीले?"

"उरलं ते. अर्धं तुमच्या ट्रालीले, अर्धं माह्या, असं तिनंच ठरवलं होतं. खरडायची मजुरी."

"मले सांगतलं काहून नाही?"

तो डब्यातले खिळे चाळू लागला. मग त्याची बायकोच म्हणाली, "सांगा ना आता. बाई गेली, शपथ कोनाची राह्यली."

"वहिनी म्हने," तो म्हणाला, "वरून नोका लावू भाऊजी, त्याइच्या नजरेत येईन. खालून लावा. त्याइले वाटू द्या का आपली ट्राली चांगल्या लोखंडाची आहे."

मी उभाच होतो. मांडीतून रक्त येत होतं, त्याच्या बायकोनं हळद आणली. टपरीवरचं सगळं मला आठवून राहिलं. एवढी वर्षं तो बशी फुंकत होये दादा म्हणत होता. मी त्याचा पाणउतारा करत होतो आणि तो माझ्या बायकोचा शब्द राखत होता.

लोकांना वाटेल, माझा जळफळाट तिथं संपला. नाही संपला. वाढला. बेचाळीस वर्षं ती माझ्या घरात होती, तिनं मला एकही गोष्ट सांगून म्हटलं नाही, की ही कोणाला सांगू नका. तशी गोष्ट तिनं त्याच्याजवळ ठेवली. माझ्याच भल्याची होती, हे खरं आहे, पण ठेवली त्याच्याजवळ. माझ्या ट्रालीखाली दोघं पाठीवर पडून काय बोलत असतील, हेही मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही दादा. तोंडात गंज पडे, बोलता येत नव्हतं."

खरं सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, कोण जाणे.

दोन दिवसांनी ते गेले. लोक म्हणत होते मेटाडोर कर, दिवसभराचा रस्ता आहे. त्यानं ऐकलं नाही. आपल्या ट्रालीतच सामान भरलं, खाली ताडपत्री, सगळी भोकं खुंट्यांनी बंद. भाड्याच्या ट्रॅक्टरमागं ट्राली निघाली, आत गादीवर तो आणि बायको, तिच्या मांडीवर पाण्याचा हंडा. हंडा हिंदकळला की तो हात पुढं करून पत्रा पुसत होता आणि ती त्याला शिव्या देत होती. वळणापर्यंत ऐकू येत होतं. जाताना तारेचा ब्रश त्यानं माझ्या कुंपणावर अडकवून ठेवला होता. मी तो आठ दिवस काढला नाही.

मागच्या वर्षी मी धुऱ्याला जवस पेरला. दोन नाही, चार ओळी. तळाच्या मागच्या अर्ध्या भागाला नवा पत्रा टाकून घेतला, भोकं पाडली. चैतात ढाणकीच्या बाजाराला गेलो नाही. ट्राली विटांवर चढवली आणि खाली शिरलो. डोळ्यांत गंज पडतो, तोंडातही पडतो. बोलता येत नाही, हे त्यानं खरं सांगितलं होतं. सांदीत माझा हात जात नाही. काडीला चिंधी बांधून लावतो, तिच्यासारखं होत नाही. पुढच्या भागातली तिनं लावलेली जुनी साय खरडली नाही, त्या बोल्टाजवळचा धागाही तसाच आहे. चिंध्या कुंपणावर एक एक वाळत घालतो.

वरून काही लावत नाही. निळा रंग सगळा गेला, बाजूचे पत्रे लाल झाले. टपरीवर लोक म्हणतात, बुढ्या, ट्राली सडून राहिली ना तुझी, काहीतरी लाव.

मी म्हणतो, काही लागत नाही. लोखंड चांगलं आहे.